जागेवरची सही

२०१८ च्या उन्हाळ्यात जेमतेम दीड महिन्याच्या अंतराने दोन मोठे आकडे जाहीर झाले. १३ मे रोजी अबू धाबीतल्या गुंतवणूक परिषदेत ॲडनॉक या तिथल्या सरकारी तेल कंपनीने रुवैस या आपल्या उद्योगसंकुलाच्या विस्तारासाठी पाच वर्षांत ४५ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली. त्यानंतर २५ जूनला नवी दिल्लीत याच ॲडनॉकने सौदी अरामकोसोबत एका सामंजस्य करारावर सही केली. तो करार कोकणातल्या प्रस्तावित रिफायनरीचा होता आणि तिचा अंदाजे खर्च होता ४४ अब्ज डॉलर, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने तीन लाख कोटी रुपये. जागेचं नाव नाणार, तालुका राजापूर.

रुवैसमध्ये शटडाऊनचं, म्हणजे देखभालीसाठी कारखाना बंद ठेवण्याच्या काळाचं, नियोजन करणाऱ्या एका मराठी अभियंत्याच्या आयुष्यात ही दोन्ही ठिकाणं आहेत. त्याचं घर राजापूर तालुक्यात, नाणारपासून फार लांब नाही. इंजिनिअरिंग झाल्यावर त्याने लोट्याच्या एमआयडीसीत उमेदवारी केली. पुढे कोकणात मनासारखं काम मिळेना, म्हणून आखात गाठलं. आता तो देखभालीची कामं घेणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत आहे. दिल्लीतल्या सहीची बातमी त्याला घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. पाठोपाठ वडिलांचा फोन आला.

"तुमच्या तिकडचीच कंपनी ना रे ही?"

"हो बाबा. रोज कामाला जातो तिथलीच."

"मग तूच सांग. तिकडे काय होतं आधी, त्या जागेवर?"

हा प्रश्न त्याला तेव्हापासून सोडत नाही. मंत्र्यांच्या आंतरराष्ट्रीय परिषदा, त्यांची तयारी, तिथले करार याकडे तो आता याच प्रश्नातून पाहतो.

रुवैस अबू धाबी शहरापासून पश्चिमेला सुमारे २४० किलोमीटरवर, अल धफ्रा भागात आहे. शेजारच्या जबल धन्नाच्या बंदरातून १९६३ मध्ये तेलाची निर्यात सुरू झाली. रुवैसची रिफायनरी उभी राहिली १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे खताचा कारखाना आला, २००१ पासून बोरूज कंपनीचं प्लास्टिक तयार होऊ लागलं, मग पश्चिमेची दुसरी रिफायनरी आली. एकट्या त्या रिफायनरीची क्षमता दिवसाला ४ लाख १७ हजार बॅरल आहे. आणखी पश्चिमेला बराका इथे अणुवीज केंद्र आहे. कामगारांच्या वसाहती, शाळा, दवाखाना, बाजार हे सगळं कारखान्यांच्या मागोमाग आलं. आधी तिथे वाळू होती, खारट सपाट जमीन होती आणि समुद्र होता. जमीन सरकारची. कारखान्याच्या जागेसाठी सातबारा काढून कोणाच्या दारी जावं लागलं नाही. वडिलांना त्याने त्या दिवशी हेच सांगितलं.

नाणारचा सडा, म्हणजे कातळाचं पठार, वरवर पाहिला तर तसाच ओसाड वाटतो. उन्हाळ्यात काळा पडलेला कातळ, मधूनच करवंदीची जाळी. पण त्याच सड्याच्या उतारावर हापूसच्या बागा आहेत, खाली विजयदुर्गची खाडी आहे आणि खाडीत जाळी टाकणारी माणसं आहेत. पाऊस पडला की कातळावर हिरवळ येते, गुरं चरतात, सड्यात मुरलेलं पाणी खालच्या विहिरींना मिळतं. कागदावर यातलं बरंचसं 'पडीक' म्हणून नोंदलेलं असतं.

आता दिल्लीचं पाहू. १० ते १२ एप्रिल २०१८ या तीन दिवसांत तिथे आंतरराष्ट्रीय ऊर्जा मंचाची सोळावी मंत्रिस्तरीय परिषद भरली होती. तेल विकणारे आणि तेल विकत घेणारे देश समोरासमोर बसतात असं हे व्यासपीठ. यजमान भारत होता. ११ एप्रिलला, परिषद चालू असतानाच, अरामकोने नाणारच्या याच रिफायनरीच्या पहिल्या सामंजस्य करारावर सही केली. इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम या तिघांनी २०१७ मध्ये या प्रकल्पासाठी कंपनी स्थापन केली होती. निम्मा हिस्सा परदेशी भागीदारांना द्यायचं ठरलं. जूनमध्ये ॲडनॉक आली आणि त्या निम्म्यात वाटेकरी झाली. त्या वेळी पेट्रोलियममंत्री धर्मेंद्र प्रधान आणि अमिरातीचे परराष्ट्रमंत्री शेख अब्दुल्ला बिन झायेद उपस्थित होते. कागदावर सही केली ती अरामकोचे अमीन नासेर आणि ॲडनॉकचे सुलतान अल जाबेर यांनी.

अशा परिषदेत झेंडे, हस्तांदोलन आणि सामूहिक छायाचित्र आपल्याला दिसतं. त्यामागे कित्येक महिन्यांचं काम असतं. दूतावासांचा पत्रव्यवहार होतो, अधिकाऱ्यांच्या बैठकांवर बैठका होतात. अर्थ, विधी, परराष्ट्र अशा प्रत्येक खात्याचं मत मागवलं जातं. मसुद्यातल्या एकेका शब्दावर घासाघीस चालते. मंत्र्याच्या हातात शेवटी येते ती टिपणांची फाइल. समोर कोण बसणार आहे, त्याला काय हवंय, आपल्याला काय हवंय, कुठवर नमतं घ्यायचं आणि कुठे अजिबात नाही, हे त्यात लिहिलेलं असतं. या कामात भारतीय अधिकारी तरबेज आहेत. २०१८ ची तयारीही त्या अर्थाने चोख होती. वर्षाला ६ कोटी टन क्षमता, सोबत पेट्रोकेमिकल्स, भागीदारांकडून किमान निम्म्या कच्च्या तेलाचा पुरवठा. भारताला तेलाची आणि भांडवलाची हमी हवी होती, आखाती देशांना पुढच्या काही दशकांसाठी पक्कं गिऱ्हाईक हवं होतं. दोघांच्या गरजा जुळत होत्या.

जुळली नव्हती ती जागा. अरामकोच्या सहीनंतर दोन आठवडेही झाले नव्हते. २३ एप्रिलला शिवसेनेची सभा झाली ती नाणार परिसरातच. राज्याचे उद्योगमंत्री सुभाष देसाई यांनी तिथे भूसंपादनाची अधिसूचना रद्द केल्याचं जाहीर केलं. त्याच दिवशी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी स्पष्ट केलं की असा निर्णय घेण्याचा अधिकार मंत्र्याला एकट्याला नाही, तो उच्चाधिकार समितीचा आहे. अनेक ग्रामसभांचे विरोधाचे ठराव त्याआधीच झाले होते. तरीही जूनमध्ये दुसरी सही झाली. मार्च २०१९ मध्ये अधिसूचना खरोखरच रद्द झाली आणि नाणारचा विषय तिथे संपला.

राजापूरच्या या अभियंत्याला त्यात कोणा एका पक्षाची चूक शोधायची नाही. त्याच्या घरातच दोन मतं आहेत. वडिलांचा जीव बागेत आहे. चुलतभावाचं म्हणणं वेगळं. आपली पोरं मुंबईला नाहीतर आखातात जातात, गावात गणपतीपुरती माणसं दिसतात, मोठा उद्योग आला तर निदान काही जण थांबतील, असं तो म्हणतो. दोघांचं त्याला पटतं. त्याला छळतो तो कामाच्या क्रमाचा प्रश्न. तो ज्या धंद्यात आहे, तिथे अशा क्रमाने काम सुरूच होऊ शकत नाही.

रुवैसच्या कोणत्याही युनिटमध्ये पाना लावायचा तर आधी परमिट लागतं. शटडाऊनच्या दिवसांत पहाटेच परमिट ऑफिसबाहेर रांग लागते. शिफ्ट बदलायच्या आत निदान अर्धी कामं सुरू व्हावीत म्हणून सुपरवायझर घाई करत असतात. हातात कागद, कागदावर कामाचं वर्णन, उपकरणाचा नंबर, धोके, खबरदारी. पण ऑफिसातल्या शिक्क्याने काम सुरू होत नाही. युनिट चालवणारा ऑपरेटर सुपरवायझरबरोबर प्रत्यक्ष जागेवर जातो. कोणती लाइन कुठे बंद केली, पाइप बंद करणाऱ्या चकत्या, म्हणजे ब्लाइंड, कुठे टाकल्या, कुठल्या व्हॉल्व्हला कुलूप आणि टॅग आहे, हे हात लावून बघतो. टॉवरच्या आत माणूस उतरणार असेल तर गॅस टेस्टर मॅनहोलमधून मीटरची नळी खाली सोडतो. वर, मध्ये आणि तळाला मोजतो. ऑक्सिजन २०.९, ज्वलनशील वायू शून्य, हायड्रोजन सल्फाइड शून्य. आकडे वेळेसकट परमिटवर चढतात. दारात एक माणूस वही घेऊन बसतो आणि आत कोण गेलं, कोण आलं ते लिहितो. मग जागेवर सही होते. ती सही त्या शिफ्टपुरतीच चालते. माणसं बदलली, वेळ उलटली की पुन्हा तपासणी, पुन्हा सही.

एका शटडाऊनमध्ये मोठ्या टॉवरचं काम सकाळी सुरू व्हायचं होतं. वरपर्यंत सगळ्यांच्या मान्यता होत्या, क्रेनही उभी होती. जागेवर गेलेल्या ऑपरेटरला यादीतल्या एका ब्लाइंडवर टॅग दिसला नाही. ब्लाइंड बहुधा जागेवरच होती, नुसता टॅग गळून पडला असावा. त्याने परमिट परत केलं. वरिष्ठांचे फोन आले. त्याचं उत्तर एकच: मी पाहिलेलं नाही, मी सही करणार नाही. ब्लाइंड उघडून, खात्री करून, नवा टॅग लावेपर्यंत दुपार झाली. जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम कायद्याने बंद असतं. त्यामुळे तो दिवस जवळजवळ वाया गेला. क्रेनचं भाडं चढलं, वेळापत्रक नव्याने आखावं लागलं, आणि ते याच अभियंत्याला आखावं लागलं. पण त्या ऑपरेटरला कोणी एका शब्दाने बोललं नाही. जागेवर उभ्या असलेल्या माणसाला नाही म्हणण्याचा अधिकार आहे, हे तिथे सगळ्यांनी मान्य केलेलं असतं.

मंत्र्यांच्या भेटीही त्याने रुवैसमध्ये जवळून पाहिल्या आहेत. अबू धाबीत मोठी परिषद असली की एखाद्या देशाचं शिष्टमंडळ प्लांट बघायला येतं. आठवडाभर आधी हालचाल सुरू होते. बसचा रस्ता ठरतो, त्या बाजूची वेल्डिंगची कामं त्या वेळेपुरती थांबतात, स्कॅफोल्डिंगचे पाइप नीट रचले जातात. नवे हेल्मेट आणि बूट मापानुसार मागवतात. कंत्राटदारांकडून माहिती मागवतात: माणसं किती, कोणकोणत्या देशांची, अपघाताविना किती तास काम झालं. त्याने भरलेले आकडे साइटच्या तक्त्यात जातात, तिथून बेरीज होऊन एका पानावर येतात आणि ते पान पाहुण्यांच्या फोल्डरमध्ये बसतं. आकडा खरा असतो. त्या आकड्यामागची माणसं मात्र बसच्या काचेपलीकडे राहतात. वेळ तेवढाच असतो, त्याला कोणाचा इलाज नाही. म्हणून त्याला वाटतं की त्या एका पानावर काय घालायचं याचा विचार फार जबाबदारीने व्हायला हवा. मंत्री वाटाघाटीच्या टेबलाशी बसतो तेव्हा त्याच्याकडे बहुतेक वेळा तेवढंच पान असतं.

घरचं दुखणं त्या पानावर नीट मांडलं गेलं तर काय होतं, याची उदाहरणंही आहेत. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेतल्या ब्रेटन वुड्सला ४४ देशांची आर्थिक परिषद झाली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक या संस्था तिथे जन्माला आल्या. भारताचं शिष्टमंडळ ब्रिटिश सरकारचं होतं आणि प्रमुख होते वित्त सदस्य जेरेमी रेझमन. पण त्यात रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर सी. डी. देशमुख होते, षण्मुखम चेट्टी होते, मुंबईचे ए. डी. श्रॉफ होते. देशमुख मूळचे कोकणातले, महाडजवळच्या नाते गावचे. युद्धात भारताने ब्रिटनला पुरवलेल्या मालाचे पैसे लंडनमध्ये स्टर्लिंगच्या रूपात अडकून पडले होते, आणि इकडे बंगालच्या दुष्काळात लाखो माणसं मेली होती. बँकेत लाखोंची शिल्लक आहे पण टॅक्सीचं भाडं द्यायला हातात रोकड नाही, अशी आपली अवस्था श्रॉफ यांनी परिषदेत मांडली. स्टर्लिंगची मागणी फेटाळली गेली. पण मागास अर्थव्यवस्थांच्या विकासाचा विचार व्हावा हा भारताचा आग्रह होता. नाणेनिधीच्या उद्दिष्टांत सदस्य देशांच्या उत्पादक साधनांच्या विकासाचा उल्लेख आला, त्यामागे हा आग्रह होता. हेच देशमुख पुढे स्वतंत्र भारताचे अर्थमंत्री झाले. राज्यांच्या फेररचनेतला मुंबईबाबतचा निर्णय मंत्रिमंडळाला न विचारता घेतला गेला, असं सांगून १९५६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला.

दुसरं उदाहरण रुवैसच्या जवळचं. २६ फेब्रुवारी २०२४ पासून अबू धाबीत जागतिक व्यापार संघटनेची तेरावी मंत्रिस्तरीय परिषद भरली. अध्यक्षस्थानी अमिरातीचे परदेशी व्यापार राज्यमंत्री थानी अल झेयुदी होते, भारताची बाजू मांडायला पीयूष गोयल आले होते. त्या आठवड्यात या अभियंत्याने बातम्या जितक्या लक्ष देऊन वाचल्या तितक्या आधी कधी वाचल्या नव्हत्या, कारण विषय थेट घरचे होते. एक होता रेशन आणि हमीभावासाठी सरकारने धान्य साठवण्याचा. दुसरा होता मासेमारीच्या अनुदानाचा, आणि त्याचे मामा हर्णै बंदरात लहान होडी चालवतात.

मासेमारीच्या विषयावर भारताची तयारी जुनी होती. जून २०२२ मध्ये जिनिव्हातल्या बाराव्या परिषदेच्या वेळी किनारी राज्यांतल्या मच्छीमारांचं शिष्टमंडळ तिथे जाऊन उभं राहिलं होतं. भारतात मच्छीमार कुटुंबामागे वर्षाला जेमतेम १५ डॉलर अनुदान मिळतं आणि काही देश ४२ हजारांपासून ७५ हजार डॉलरपर्यंत देतात, हे आकडे गोयल यांनी तिथे सभागृहासमोर ठेवले होते. अबू धाबीतही भारताची भूमिका तीच होती: विकसनशील देशांना किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांच्या आतल्या मासेमारीसाठी २५ वर्षांची सवलत हवी, आणि दूरच्या समुद्रात मोठी जहाजं पाठवणाऱ्या देशांनी २५ वर्षं अनुदान थांबवावं. परिषद २९ फेब्रुवारीला संपायची होती, ती १ मार्चच्या रात्री उशिरापर्यंत लांबली. मासेमारीवर एकमत झालं नाही, धान्यसाठ्याचा कायमचा तोडगाही निघाला नाही. टीकाकारांनी परिषद फसली म्हटलं. मामांनी फोनवर एवढंच विचारलं: "म्हणजे डिझेलची सूट जात नाही ना?" नाही मामा, इतक्यात तरी नाही, असं त्याने सांगितलं.

मासेमारी आणि रिफायनरी या दोन प्रसंगांत फरक काय, हे तो सहकाऱ्यांशी बोलताना नेहमी मांडतो. मासेमारीच्या वाटाघाटीत बंदरावरचा माणूस फाइलमध्ये होता, त्यामुळे मंत्र्याला शेवटच्या दिवशीच्या दबावातही नाही म्हणता आलं. रिफायनरीच्या फाइलमध्ये बॅरल होते, डॉलर होते, हिस्सेदारीची टक्केवारी होती. ग्रामसभेचे ठराव दिल्लीच्या टेबलावर कधी पोचले नसावेत, किंवा पोचूनही त्यांना जागेवरच्या सहीचं मोल मिळालं नाही. म्हणूनच पैसा, तेल आणि इच्छा असलेले तीन देशांचे बलाढ्य भागीदार असूनही प्रकल्प उतरायला जमीन मिळाली नाही. जानेवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने केंद्राला बारसूची पर्यायी जागा सुचवली, तीही राजापूर तालुक्यातलीच. एप्रिल २०२३ मध्ये तिथे माती परीक्षणाची यंत्रं पोचली तेव्हा बायका आणि म्हातारी माणसं उन्हात सड्यावर येऊन बसली, पोलीस बंदोबस्त लागला. त्याच सड्यावर कातळशिल्पं आहेत. कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेल्या, त्यांत बारसू आहे. ही नोंद पहिल्याच टिपणात यायला हवी होती.

करार तर होतच राहणार, आणि ते व्हायला हवेत असं त्याचं ठाम मत आहे. रुवैसमध्ये आता द्रवरूप नैसर्गिक वायूचा नवा प्रकल्प उभा राहतोय. वर्षाला ९६ लाख टनांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये अबू धाबीचे युवराज भारतात आले, तेव्हा इंडियन ऑइलने त्यातला दरवर्षी १० लाख टन वायू १५ वर्षं घेण्याचा करार केला. भारताला इंधन लागतं, ते कुठूनतरी आणावं लागतं आणि त्यासाठी मंत्र्यांना टेबलाशी बसावंच लागतं. त्याचं मागणं एवढंच आहे की कोणत्याही जमिनीवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाचा करार परदेशी पाहुण्यांसमोर ठेवण्याआधी फाइलमध्ये त्या जागेचं एक पान असावं: गावांची नावं, ग्रामसभांचे ठराव होकाराचे की नकाराचे, पाण्याचे झरे, बागा, बंदरं, जुन्या खुणा. आणि ते पान लिहिणारा अधिकारी जागेवर जाऊन आलेला असावा.

गेल्या गणपतीत त्याच्या पुतण्याने रत्नागिरीच्या पॉलिटेक्निकमधला इन्स्ट्रुमेंटेशनचा निकाल दाखवला आणि विचारलं, "काका, तिकडे येऊ की इथेच काही होतंय का बघू?" त्याने पुतण्याला पासपोर्टचा अर्ज भरायला लावला, सेफ्टीच्या कोर्सची फी दिली. शिवाय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला आजोबांबरोबर जायला सांगितलं. प्रकल्पाचा विषय निघाला तर पाणी किती लागणार, सांडपाणी कुठे सोडणार आणि गावातल्या किती पोरांना कायमची नोकरी, हे तीन प्रश्न लेखी दे आणि पोच घे, असं बजावलं. पुतण्याने प्रश्न तिथल्या तिथे मोबाइलवर टाइप केले. चौथा त्याने स्वतःहून घातला: कातळशिल्पांपासून कुंपण किती अंतरावर असेल?